पाठवणीची कॅसेट

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणा बापडे. ज्या बाईबरोबर हे घडलं ती माझी सख्खी मामेबहीण, चेतना. थापा मारणं तिच्या रक्तातच नाही. लहानपणी आम्ही सगळ्या चिंचेवरच्या भुताला घाबरायचो, तेव्हा ही त्याच झाडाच्या चिंचा पाडून आणायची आणि वर आम्हालाच विकायची.

आणि हो, यात रात्र नाही. अमावस्या नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात, शहाद्याजवळच्या कळसाडी गावात.

दुपारी तीन वाजता...

चेतनाचा नवरा नवनीत पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरीला. लग्न झाल्यापासून दोघं तिथंच क्वार्टरमध्ये राहिले. सासू वारली, सासरे एकटे पडले, म्हणून दिवाळीला बिऱ्हाड कळसाडीच्या घरी हलवलं. पोरगी नाशिकला शिकायला. घरात माणसं तीन. चेतना, नवनीत आणि सासरे भाईदास, ज्यांना सगळं गाव बापू म्हणतं.

बापू म्हणजे देवमाणूस. सुनेला कधी 'बेटा'शिवाय हाक नाही, जेवणाला कधी नावं ठेवणं नाही.

फक्त एक गोष्ट सोडून.

रोज दुपारी तीनला बापू आपल्या खोलीत जायचे आणि आतून कडी लावायचे. थोड्या वेळाने आतून बाईचं हसणं ऐकू यायचं... मग बँड. मग गलका. मग कोणीतरी हमसून हमसून रडायचं. मग घर्रर्र असा काहीतरी फिरल्याचा आवाज.

आणि शेवटी बापूंचा आवाज. एकदम मऊ, अहिराणीत, आलीस का गं असं विचारणारा.

"ऊनी का व, बेटा?"

मग शांतता. समोरच्या माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच.

"हा. बठ. पानी पी."

आता सांगा, कोणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? चेतनाच्या मनात तर पालींचा बाजारच भरला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला की काय? की देवा रे, या वयात काही भलतंच?

त्यात तो तांब्या. बापू खोलीत जाताना पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या आणि भाकरीचा एक तुकडा घेऊन जायचे. बाहेर आले की तुकडा रस्त्यावर लांब भिरकावायचे. लेक गावाहून आली की उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात. हे कोणाला सांगायला नको.

पण इथं आलं कोण होतं?

तांब्या परत यायचा तेव्हा अर्धा असायचा. खोलीचा उंबरा ओला असायचा.

तिने नवनीतला विचारलं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "म्हतारं मानूस शे. करू दे ना. तुन्हं काय जास?"

बरोबर आहे, तिचं काय जात होतं? पण तिच्या एक लक्षात आलं. नवनीत तीन वाजता घरी असला, की चपला घालून बाहेर पडायचा. चैत्राचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि हा बाबा पाराजवळ जाऊन उभा. घर्रर्र थांबल्याशिवाय घरात पाऊल टाकायचा नाही.

म्हणजे ह्यालाही माहीत होतं. आणि हा सांगत नव्हता.

शेवटी शेजारच्या धनुबाईने सांगितलं. शेंगा निवडता निवडता, अगदी सहज.

"काजल. नवनीतनी मोठी बहीण. तुले माहीत नही का?"

चेतनाला एवढंच माहीत होतं की नणंद लग्नाच्या वर्षातच विहिरीत पडून गेली. घरात तिचा फोटोही नव्हता. बाकीचं धनुबाईने सांगितलं. नव्याण्णव साली वैशाखात काजलचं लग्न झालं. तापीपलीकडे दिली होती. दुसऱ्या वर्षी तिची पहिली आखाजी. आपल्या खान्देशात आखाजीला लेक माहेरी येणार म्हणजे येणारच. झोके बांधलेले असतात, गौराई मांडलेली असते. तिला आणायला घरातला कोणीतरी मुराळी म्हणून जातो. बापूंनी नवनीतला पाठवलं. संध्याकाळी तो एकटाच परत आला. म्हणाला, त्यांनी पाठवली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला. काजल विहिरीत.

"सासरना लोके म्हनेत, दोन दिवस त्या विहिरीना कट्टावर उभी व्हती. रस्ता देखे. मुराळी कव्हय येस म्हनीसन. पाय सटकना." धनुबाईने शेंगा बाजूला सारल्या. "बापूले नही पटनं. ज्यासनी धाडी नही, त्यासवर कोन इस्वास ठेवी? पंचवीस वरीस व्हयनात, त्या गावनं तोंड नही देखं त्यासनी."

दुसऱ्या दिवशी तीनला चेतना मागच्या अंगणात गेली आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला.

आत जुना डबा टीव्ही. त्याच्याखाली व्हीसीआर. व्हिडिओ शूटिंगची कॅसेट चालू होती. काजलच्या लग्नाची पाठवणी. मांडवाच्या तोंडाशी जीप उभी. वीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला नवनीत जीपचं दार धरून उभा. काजल बापूंच्या गळ्यात पडून रडत होती. नवनीतने तिला आत बसवलं. जीप निघाली, धूळ उडाली, चित्र संपलं.

बापूंनी बटण दाबलं. चित्र चालू ठेवून कॅसेट मागे फिरायला लागली.

घर्रर्र...

पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या. धूळ खाली बसली. आणि जीप उलटी, मागे मागे येत मांडवाशी थांबली. नवनीतने दार उघडलं. काजल जीपमधून उतरली. पाठमोरी चालत आली आणि थेट बापूंच्या मिठीत. गालांवरचं पाणी वर वर चढत डोळ्यांत गेलं.

लेक घरी आली होती.

"ऊनी का व, बेटा?" म्हणत बापूंनी उंबऱ्यावर पाणी ओतलं.

चेतनाला रडूच फुटलं. आपण काय काय संशय घेतला या बिचाऱ्या माणसावर, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्याचंही कोडं सुटलं. पाणी बापूच ओतत होते.

निदान तेव्हा तिला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, "बापू, मला सगळं कळलं. ती कॅसेट मोबाईलवर घेऊन देऊ का? त्या मशीनचा काही भरवसा नाही."

मशीन खरंच शेवटच्या घटका मोजत होतं. नंदुरबारचा खात्या नावाचा मेकॅनिक दोनदा पट्टा बदलून गेला होता. जाताना म्हणाला होता, आता हा गेला तर दुसरा मिळायचा नाही. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरायला लागली होती.

बापू म्हणाले, "मोबाईलमा ती परत येस का?"

तिने मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दाखवला. बोटाने मागे सरकवला.

बापूंनी मान हलवली. "हाई उडी मारस. चालीसन येत नही." मग चहा ठेवून म्हणाले, "देख बेटा. गाडी एकदा गयी ना, का तिले मांगे लयनीच पडस. तठे सोडानं नही."

गेलेली गाडी मागे आणायचीच, ही म्हाताऱ्याची माया, असं समजून चेतनाने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

आणि इथंच चूक झाली.

आखाजीला चार दिवस होते. बापूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नवनीत त्यांना नंदुरबारला घेऊन गेला. मुक्काम पडणार होता. चेतनाने विचार केला, बापू परत येतील तेव्हा पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवू. मशीन बंद पडलं तरी काजल हातची जायची नाही. हेतू वाईट नव्हता हो तिचा.

शहाद्यात उमाकांत म्हणून लग्नाचे व्हिडिओ करणारा एक जण आहे. त्याच्याकडे अजून एक चालू व्हीसीआर होता. सकाळी कॅसेट दिली, दुपारी मिळाली.

"सगळी शेवटपर्यंत घेतली, वहिनी."

"रिवाइंड केली ना?"

तो हसला. "आता रिवाइंड कोण करतं? जिथं संपली तिथून काढली."

खरंय. आता कोण करतं? तिलाही त्यात काही वाटलं नाही. बसमध्ये तिने सहज कॅसेट बघितली. सगळी फीत एका बाजूला गोळा झालेली. दुसरं चाक उघडं पडलेलं.

घरी येऊन तिने कॅसेट होती तिथं ठेवली. तीन वाजले. घरात ती एकटी.

आवाज नव्हता. हसणं नाही, बँड नाही, काही नाही. पण तिला सारखं वाटत होतं, की काहीतरी नेहमीचं आज नाही... घड्याळ चालू होतं, पंखा चालू होता. तरीही.

मग लक्षात आलं. अंगणातल्या कडुलिंबावर रोज कलकलाट करणाऱ्या साळुंक्या. एकही नव्हती.

ती बापूंच्या खोलीपाशी गेली. तिथं तांब्या होता. नंदुरबारला जायच्या आदल्या दिवशीचा, अर्धा. गडबडीत तिथंच राहिलेला.

तो आता काठोकाठ भरला होता...

कोणी प्यायलेलं पाणी परत दिल्यासारखा.

दोन दिवसांनी बापू काळा चष्मा लावून घरी आले. डॉक्टरांनी टीव्ही बघू नका म्हणून बजावलं होतं. ऐकतात होय! तीन वाजले आणि कडी लागली. चेतना पेनड्राइव्ह पदरात धरून दाराबाहेर उभी राहिली.

आतून आवाज आला, "हाई कोनी चलाडी?"

मग घर्रर्र.

"चेतना."

बापूंनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती आत गेली. पडद्यावर जीप उलटी येत होती. मांडवाशी थांबली. नवनीतने दार उघडलं.

कोणीच उतरलं नाही.

अंगणात सगळ्या बाया पदर डोळ्याला लावून उभ्या. पंचवीस वर्षांपूर्वीचे बापू हात पसरून उभे. त्यांच्या मिठीत कोणी नव्हतं. बापू मागे मागे नेत गेले. हार घालायला नवरदेव उभा, समोर जागा रिकामी. हळदीत पाच सुवासिनी रिकाम्या पाटावर वाकलेल्या. पूर्ण तीन तासांच्या कॅसेटमध्ये नवरी कुठंच नव्हती.

चेतनाने रडत रडत सगळं सांगितलं.

बापू ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तिले तठेच सोडी उनी तू," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा नाही. ऑपरेशनच्या गोळ्या नाहीत. म्हातारा हट्टाला पेटला नव्हता, त्याच्यातला जीवच निघून चालला होता. डोळ्यांदेखत.

दुपारी नवनीत ड्युटीवरून आला तेव्हा चेतनाने पेनड्राइव्ह हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला लावला होता. निदान यात तरी काजल असेल, या आशेवर.

होती. हसत होती, लाजत होती. चेतनाला केवढा धीर आला! बापूंना हाक मारणार, तेवढ्यात पाठवणी आली. जीप निघाली. धूळ उडाली. इथं संपायला हवं होतं...

संपलं नाही.

धूळ विरली. मागे एक रस्ता दिसला. बाभळीची झाडं. एक शेत. एक विहीर. शूटिंगवाला तर त्या दिवशी मांडवातूनच परत गेला होता.

विहिरीच्या कट्ट्यावर नवरीच्या शालूत कोणीतरी पाठमोरं उभं होतं. कपाळाशी हात धरून रस्त्याकडे बघत.

बराच वेळ तेवढंच. मग मान न वळवता तिने विचारलं,

"भाऊ नही ऊना का?"

चेतनाच्या मागे धप्पकन आवाज झाला. नवनीत जमिनीवर बसला होता. पांढराफटक.

"मी गयूच नव्हतू," तो म्हणाला.

"कुठं?"

"तिले लेवाले. पारवर पत्ता चालू व्हतात. आखाजीना पत्ता, जुगार... म्हंतं, सकाय जासू. बापूले काय सांगानं? सांगी दिधं, त्यासनी धाडी नही." तो छाती बडवायला लागला. "ती मन्ही वाट देखे, चेतना. त्यासनी अडवलीच नव्हती."

त्याच क्षणी दोघांना कळलं, की दार उघडं आहे. बापू उंबऱ्यात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. पंचवीस वर्षं ज्यांना खुनी समजून शिव्याशाप दिले ते खोटं, आणि पोटचा पोरगा खोटारडा.

चेतनाला वाटलं, आता म्हातारा जागच्या जागी जाणार.

बापूंनी काळा चष्मा काढला. डोळे लालभडक. म्हणाले, "सकाय आखाजी शे. जाय. आते तरी जाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवनीतने गाडी काढली. चेतनाने त्याला एकट्याला सोडलं नाही. पण बापूंनी तिला मागच्या सीटवर बसवलं. पुढची जागा येणारीची. सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडली.

सासरचं शेत कधीच विकलं गेलं होतं. विहीर कोरडी. कट्टा अर्धा ढासळलेला. बरोबर तीन वाजले होते. कुठंच काही नव्हतं. पाखरू नाही की वारा नाही.

नवनीत कट्ट्यापाशी गेला. हात जोडले. मुराळी बोलतो तसं बोलला.

"बाई, चाल. मी लेवाले ऊनू. उशीर व्हयना. चाल घर."

काही झालं नाही. तो पाचेक मिनिटं तिथंच खाली वाकून उभा राहिला. चेतना गाडीत बसली होती, तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. मग तो आला, गाडीत बसला, चावी फिरवली.

टुंग. टुंग. टुंग...

पुढच्या सीटवर माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी वाजते ना, तो आवाज.

पुढची सीट रिकामी होती.

नवनीतने वळून बघितलंही नाही. हात लांब करून पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आडवा लावला. आवाज बंद झाला. कळसाडीपर्यंत गाडी शांत होती.

दारात बापू तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभे होते. तांब्या खाली ठेवून त्यांनी तुकडा हवेत ओवाळला. खाली ठेवलेल्या तांब्याला कोणी हात लावला नव्हता. चेतनाच्या डोळ्यांसमोर त्यातलं पाणी अर्ध्यावर गेलं.

"ऊनी का व, बेटा?" बापू म्हणाले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडले.

गोष्ट इथं संपली असती, तर मी ती कोणाला सांगितलीही नसती. गोड शेवट झाला म्हणून देवाला नारळ फोडला असता.

पण त्याच दिवशी बापूंनी कॅसेट लावली. काजल परत आली होती. हळदीत, हार घालताना, सगळीकडे. मग पाठवणी आली आणि चेतनाचं लक्ष जीपकडे गेलं.

जीपचं दार आपोआप उघडलं. आपोआप लागलं.

दार धरून उभा असलेला नवनीत तिथं नव्हता. पूर्ण कॅसेटमध्ये तो कुठंच नव्हता...

बापूंना दिसलं की नाही, कोण जाणे. त्यांना फक्त लेक दिसत होती. पुढे पावसाळ्यात ते झोपेतच गेले, अगदी सुखाने.

नवनीत आहे. जेवतो, ड्युटीवर जातो, विचारलं तर उत्तर देतो. पण चेतना सांगते, तो आता अहिराणी बोलत नाही. पत्त्यांचं नाव काढलं तर "म्हणजे काय?" विचारतो. आणि सुट्टीच्या दिवशी तीन वाजले की अंगणातल्या ओट्याच्या कडेवर चढून उभा राहतो. कपाळाशी हात धरून. रस्त्याकडे बघत.

"विहिरीवर पाच मिनिटं माझ्याकडे पाठ होती त्याची," ती मला म्हणाली. "मी घरी कोणाला घेऊन आले गं?"

बापूंच्या तेराव्याला मी त्यांच्याकडे गेले होते. नवनीतने मला पाणी आणून दिलं. हात गार होते, इतकंच. उगाच कशाला काही बोला.

पण येताना मी तिला म्हटलं, ते भंगार मशीन काढून टाक बाई. नवीन टीव्ही आहे, मोबाईल आहे.

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी माझी पिशवी उचलली.

ती आता खात्याकडून जुने व्हीसीआर आणवते. पट्ट्यांसाठी. रोज दुपारी तीनला कडी लावते, तांब्या भरून ठेवते आणि पाठवणी लावते. जीप जाते. धूळ उडते. मग ती चित्र चालू ठेवून बटण दाबते.

घर्रर्र...

जीप मागे येते. दार उघडतं. काजल उतरते.

चेतना दार धरणाऱ्या हाताची वाट बघते.

परवा फोनवर मी तिला विचारलं, तांब्यातलं पाणी कमी होतं का?

ती म्हणाली, "नाही. पण आखाजी जवळ आली ना. या वेळी मुराळी मी."

मागून मला तिच्या घरातला आवाज ऐकू आला. नवनीतचा असावा. कोणाला तरी विचारत होता,

"अजून कोणी आलं नाही का?"